धडा: जुन्या आउटबोर्डचे छोटे व्हॉल्व्ह – काम कसं करायचं आणि दर कसा लावायचा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण एका जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिनाची पेट्रोलची लाइन टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत उघडली. व्हिडिओत हात दिसतात, पण क्रम आणि हिशेब वहीत उतरवून घ्यायला लेखच बरा पडतो. त्यामुळे वही-पेन घेऊन बसा. आधी कामाचं बघू, मग पैशाचं.

हा व्यवसाय कोणी करावा?

ज्याचं घर बंदराच्या किंवा खाडीच्या जवळ आहे, ज्याला मोटारसायकल किंवा पंपाच्या दुरुस्तीचा हात आहे, आणि ज्याच्याकडे सुरुवातीला मोठं भांडवल नाही, त्याच्यासाठी हे काम आहे. मालवण, तारकर्ली, देवबाग, हर्णै, मुरुड अशा ठिकाणी छोट्या होड्यांवर आणि पर्यटकांच्या बोटींवर आउटबोर्ड असतात. त्यातली बरीच इंजिनं जुनी टू-स्ट्रोक. ब्लॉक, गिअर, पंखा ठणठणीत. पण रबर, पातळ पडदे आणि छोटे व्हॉल्व्ह म्हातारे झालेले. मोठी दुरुस्ती करणारे मेकॅनिक सगळीकडे सापडतात. ही बारीक कामं नीट, लिहून, तपासून करून देणारा माणूस मात्र कमी सापडतो. तिथे तुमची जागा आहे.

अलीकडे या कामाची गरज वाढायला एक कारण झालंय. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमधलं इथेनॉलचं मिश्रण २० टक्क्यांवर पोहोचलं. जुन्या इंजिनांतलं रबर त्या काळच्या पेट्रोलसाठी बनलेलं. इथेनॉलमुळे असं रबर फुगतं, मऊ पडतं किंवा सुकल्यावर कडक होऊन चिरतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं. कोकणातल्या पावसाळी हवेत अर्धा भरलेला कॅन पडून राहिला आणि त्यात पाणी जास्त झालं, की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होतात आणि तळाला बसतात. टाकीतली नळी ओढते तीही तळाकडूनच. आणि आपण पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑइल वरच्या थरात राहतं. म्हणजे इंजिनाला जातं ते ऑइल नसलेलं पाणीदार इंधन.

आधी माझी एक चूक

काही वर्षांपूर्वी आमच्या बॅचमधल्या एका मुलाने हे काम सुरू केलं. मी त्याला सल्ला दिला, "सुरुवातीला दर कमी ठेव, गिऱ्हाईक जोड, मागतील तेवढंच काम कर." एका तांडेलाच्या इंजिनातून पेट्रोल गळत होतं. मुलाने कार्ब्युरेटरचा नीडल व्हॉल्व्ह बदलला, ड्रममधल्या पाण्यात इंजिन चालवून दाखवलं, हजार रुपये घेतले. गळती थांबली. तांडेल खूश, मुलगा खूश, मी पण खूश.

तिसऱ्या दिवशी खाडीच्या मुखाबाहेर फुल थ्रॉटलला इंजिनाचा दम गेला आणि मग ते जाम झालं. दुसऱ्या होडीने ओढून आणलं म्हणून माणसं सुखरूप आली. इंजिन उघडलं तर पिस्टन सिलिंडरला घासून चिकटलेला. कारण शोधलं तेव्हा फ्युएल पंपाचे दोन्ही छोटे व्हॉल्व्ह कडक होऊन वाकलेले सापडले. हळू चालताना ते पुरेसं पेट्रोल देत होते, पूर्ण वेगात देत नव्हते.

मुलाने मजुरी सोडली, सामानाचा अर्धा खर्च उचलला. तेव्हा तो तांडेल त्याला एवढंच म्हणाला, "माका व्हॉल्व्ह नको रे बाबा, माका सांजेक घराक येवक व्हया."

मुलाचं हातकाम चांगलं होतं. सल्ला माझा चुकला होता. आजचा सगळा धडा त्या वाक्यावर उभा आहे. गिऱ्हाईक तुमच्याकडे व्हॉल्व्ह घ्यायला येत नाही, परत येण्याची खात्री घ्यायला येतं. म्हणून एकटा व्हॉल्व्ह विकू नका. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत तपासलेली लाइन विका.

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी पडणं एवढं वाईट का?

फोर-स्ट्रोकला ऑइल वेगळं असतं. ज्या जुन्या टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्ये मिसळून घालतात, तिथे पिस्टन, रिंग आणि बेअरिंगला ऑइल पोहोचतं ते पेट्रोलबरोबरच. ५०:१ प्रमाण म्हणजे १ लिटर पेट्रोलला २० मिली ऑइल. २५:१ म्हणजे ४० मिली. तुमच्या इंजिनाला कोणतं प्रमाण, ते त्याच्या पुस्तकात बघा, अंदाजाने घालू नका. आता पेट्रोल कमी गेलं तर ऑइलही कमी गेलं, आणि कमी पेट्रोलमुळे आतली उष्णता वाढली ती वेगळीच. दोन्ही मार एकाच वेळी. नखाएवढ्या पडद्यामुळे पिस्टन जातो तो असा.

लाइनमधले पाच दरवाजे

मी मुलांना हे "पाच दरवाजे" म्हणून शिकवतो. टाकीकडून इंजिनाकडे चालत जा.

१. टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू. पेट्रोल बाहेर गेलं की आत हवा यायला हवी. हा बंद राहिला तर इंजिन काही वेळाने गुदमरतं. इथे बदलायचं काही नसतं, उघडतो का एवढं बघायचं.

२. प्रायमर बल्ब, म्हणजे पाइपवरचा हाताने दाबायचा रबरी फुगा. याच्या दोन्ही टोकांना एकेक वन-वे व्हॉल्व्ह असतो. बल्बवरचा बाण इंजिनाकडे हवा. हे व्हॉल्व्ह उघडून दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका, अख्खा बल्ब बदला.

३. कनेक्टर. पाइप काढला की पेट्रोल सांडू नये म्हणून आत स्प्रिंगवरचा छोटा व्हॉल्व्ह आणि ओ-रिंग असते. ओ-रिंग झिजली की पेट्रोल बाहेर येण्याआधी हवा आत जाते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

४. फ्युएल पंप. क्रँककेसमधला दाब वर-खाली होतो, त्यावर पंपाचा पडदा, म्हणजे डायफ्रॅम, हलतो. एक पातळ व्हॉल्व्ह पेट्रोल आत घेतो, दुसरा पुढे सोडतो. छोट्या इंजिनांत हा पंप कार्ब्युरेटरलाच जोडलेला असू शकतो.

५. कार्ब्युरेटरचा नीडल व्हॉल्व्ह आणि त्याची सीट. फ्लोट वर आला की नीडल बंद, खाली गेला की उघडी. घराच्या टाकीतल्या बॉल कॉकसारखंच.

ऑइल इंजेक्शन असलेल्या मॉडेलांत ऑइलच्या लाइनलाही चेक व्हॉल्व्ह असतात. ते काम पहिल्या वर्षी घेऊ नका. तिथे चूक झाली तर पिस्टन वाचत नाही. रॉकेलवर चालणाऱ्या मॉडेलचे भागही पेट्रोलच्या मॉडेलला दिसायला सारखे वाटले तरी परस्पर लावू नका.

उघडण्याआधी निदान

पाना हातात घेण्याआधी बल्ब दाबा. बल्ब बरंच काही सांगतो.

- बल्ब दाबत राहिलात आणि तो कडक झालाच नाही, तर टाकीच्या बाजूने हवा आत येतेय, बल्बचे व्हॉल्व्ह गेलेत किंवा पुढे नीडल बंद होत नाही. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी ओलं आहे का बघा. ओलं असेल तर नीडल.
- बल्ब कडक झाला, पण इंजिन बंद असतानाच हळूहळू मऊ पडला. कार्ब्युरेटर ओला असेल तर पेट्रोल पुढे जातंय. सगळं कोरडं असेल तर बल्बच्या व्हॉल्व्हमधून मागे टाकीत जातंय.
- पूर्ण वेगात दम जातो, आणि कोणी बल्ब दाबत राहिलं की इंजिन पुन्हा उचलतं. पंप कमजोर आहे किंवा मागून हवा ओढतोय.
- चालताना बल्ब आत ओढला जाऊन चपटा होतो. पंप बरा आहे, अडथळा टाकीच्या बाजूला आहे. हवेचा स्क्रू, टाकीतली जाळी, दबलेला पाइप तपासा.
- हळू चालताना खूप धूर आणि एकाच सिलिंडरचा प्लग ओला. पंपाचा डायफ्रॅम फाटून पेट्रोल क्रँककेसमध्ये जात असण्याची शक्यता मोठी.

एक सूचना. काही जुने कारागीर पंपाचा व्हॉल्व्ह तोंडाने फुंकून, ओढून तपासतात. ते करू नका. पेट्रोल विष आहे. हाताचा छोटा व्हॅक्यूम पंप घ्या, एकदाचा खर्च आहे.

बदलण्याचा क्रम

काम उघड्यावर करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, होडीच्या तळाशी साचून राहते. आसपास विडी नाही, मोबाइल चार्जर नाही, आग विझवायचा सिलिंडर हाताशी. इंजिनाची सेफ्टी कॉर्ड आणि प्लगच्या टोप्या काढून ठेवा. निघालेलं पेट्रोल धातूच्या कॅनमध्ये भरा, खाडीत ओतू नका.

१. फोटो काढा. प्रत्येक पाइप, प्रत्येक लिंक. पंप उघडण्याआधी त्याच्या सगळ्या थरांवर एक तिरकी रेघ ओढा. परत जोडताना रेघ जुळली म्हणजे थर बरोबर बसले.

२. स्क्रूची काळजी घ्या. जपानी इंजिनांचे फुलीचे स्क्रू जपानी मापाचे असतात. आपला नेहमीचा स्क्रू ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, घसरतो आणि डोकं खातो. जपानी मापाचा सेट घ्या. खाऱ्या हवेने जाम झालेल्या स्क्रूवर गंज सोडवणारं तेल मारा आणि थांबा. घाई केली की स्क्रू तुटतो आणि तासाभराचं काम दिवसाचं होतं.

३. पंप. किटमधला डायफ्रॅम, गॅस्केट आणि व्हॉल्व्ह सगळं बदला. त्यातलं एक नवं आणि एक जुनं असं ठेवू नका. आत घेणारा आणि पुढे सोडणारा व्हॉल्व्ह उलट बसला तर पंप पेट्रोल देणारच नाही, म्हणून फोटो समोर ठेवा. गॅस्केटला सिलिकॉन लावायचा मोह टाळा. त्याचे तुकडे सुटून जेटमध्ये अडकतात, किंवा दाब येणारं भोकच बंद होतं. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा.

४. कार्ब्युरेटर. जुन्या नीडलच्या टोकावर नख फिरवा. गोल खाच लागली तर ती गेलेली आहे. जिथे सीट निघते तिथे नीडल आणि सीट जोडीने बदला. काही मॉडेलांत सीट ठोकून पक्की बसवलेली असते, ती ओढून काढायला जाऊ नका. नंतर फ्लोटची उंची त्या मॉडेलच्या पुस्तकातल्या मापाने तपासा. नवी नीडल बसवून माप तपासलं नाही तर काम अर्धंच झालं.

५. फिल्टर, कनेक्टरची ओ-रिंग, पाइप, क्लिपा. पाइप वाकवून बघा, बारीक चिरा दिसल्या तर बदला. किंमत छोटी, पण हवा ओढायला सगळ्यात लाडकी जागा हीच.

६. गळती बघा. बल्ब कडक होईपर्यंत दाबा, १० मिनिटं सोडा, मग प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा. कागद ओला झाला तर इंजिन चालू करायचं नाही.

ट्रायल: इथेच आमचा मुलगा कमी पडला

आधी ड्रममध्ये. इंजिनाचं पाणी ओढायचं तोंड पूर्ण बुडालेलं हवं आणि कूलिंगच्या पाण्याची धार दिसायला हवी. कोरडं चालवलंत तर वॉटर पंपाचं रबरी इम्पेलर जळतं.

पण ड्रममध्ये इंजिनावर खरा भार येत नाही. पंप कमजोर असेल तर ते तिथे कळणार नाही. म्हणून मालकाला बरोबर घेऊन पाण्यात ट्रायल घ्या. दोघं, दोघांनाही लाइफ जॅकेट, होडीत वल्ही, बंदराच्या नजरेच्या टप्प्यात. किमान १० मिनिटं पूर्ण वेगात. मध्ये बल्बला हात लावून बघा. दम जात असल्याचं जाणवलं तर लगेच थ्रॉटल कमी करा. परत आल्यावर प्लग काढा. तपकिरी असेल तर ठीक. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी जातंय, इंजिन मालकाच्या ताब्यात द्यायचं नाही.

आता दर

खालचे आकडे गणित समजावं म्हणून धरलेले आहेत. तुमच्या बंदरातले भाव घेऊन पुन्हा मांडा.

एकटी नीडल बदलायचं काम: सामान ७०० रुपये, मजुरी ३००, एकूण १,०००. इंजिन परत आलं तर फुकट फेरी: प्रवास २०० आणि तीन तासांचे, ताशी २०० प्रमाणे, ६००. म्हणजे ८०० रुपये गेले. एक इंजिन परत आलं की जवळपास तीन कामांची मजुरी संपली.

पूर्ण लाइनचं काम:

- पंप किट, नीडल-सीट, गॅस्केट, बल्ब, फिल्टर, ओ-रिंग, पाइप, क्लिपा: ३,०००
- ट्रायलचं पेट्रोल, सफाईचं सामान: ४००
- प्रवास: २००
- तुमचे पाच तास, ताशी २०० प्रमाणे: १,०००
- परत येणाऱ्या कामासाठी बाजूला: ३००
- एकूण खर्च: ४,९००

५,५०० रुपये दर लावलात तर ६०० रुपये नफा. लक्षात घ्या, तुमची मजुरी खर्चात धरली आहे. मजुरी हा नफा नव्हे. ज्यांनी मागचा "मजुरी आणि नफा" हा व्हिडिओ बघितला नाही, त्यांनी आधी तो बघा.

गिऱ्हाईक म्हणेल, "एवढे कशाला? फक्त गळती थांबव." तेव्हा वाद घालू नका. बल्बची चाचणी त्याच्यासमोर करून दाखवा, जुना भाग त्याच्या हातात द्या. तरीही तो नको म्हणाला तर दोन रस्ते. पंप कमजोर दिसत असेल तर काम सरळ नाकारा. बाकी कमी धोक्याची गोष्ट असेल तर "हे बदललं नाही, मालकाने नको सांगितलं" असं कार्डावर लिहून त्याची सही घ्या. नाकारलेल्या कामाने त्या दिवशी पैसे जातात. पण समुद्रात बंद पडलेल्या इंजिनावर तुमचं नाव असेल, तर अख्खं बंदर जातं.

कामाचं कार्ड

प्रत्येक इंजिनाचं एक कार्ड: मॉडेल आणि सिरीयल नंबर, तारीख, बदललेले भाग, न बदललेले भाग आणि कारण, बल्बची चाचणी, ट्रायल किती मिनिटं, प्लगचा रंग, पुढच्या तपासणीचा महिना. एक प्रत मालकाला, एक तुम्हाला. जुने भाग पिशवीत घालून परत द्या. गॅरंटी द्यायची तर बदललेल्या भागांची आणि तुमच्या जोडांची द्या. पेट्रोलमधलं पाणी आणि चुकीचं ऑइल त्यात येत नाही, हे कार्डावर आधीच छापून घ्या.

हंगाम आणि स्टॉक

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यंत्रचलित नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते. तुमचं वर्ष त्याभोवती आखा. मे अखेरीस "इंधन काढून इंजिन बांधून ठेवणे" ही छोटी सेवा विका. पेट्रोल आत राहिलं की सुकून चिकट थर बसतो आणि नीडल, जेट अडकतात. जुलैत पूर्ण लाइनची कामं घ्या, नारळी पौर्णिमेआधी सगळ्यांना घाई असते. बाकी वर्षभर पर्यटकांच्या बोटी आणि अडलेली कामं.

दुकान थाटायच्या आधी बंदरावर फिरून इंजिनांची यादी करा. जे दोन-तीन मॉडेल सगळ्यात जास्त दिसतील, त्यांचेच किट घ्या. रबर कपाटात पडूनही म्हातारं होतं, त्यामुळे आधी आलेलं आधी वापरा आणि उन्हापासून लांब ठेवा. स्वस्त ओ-रिंग मिळाली तर तिचं माप घ्या, झाकणाच्या काचेच्या बाटलीत दोन दिवस पेट्रोलमध्ये ठेवा आणि परत मोजा. फुगली तर ती तुमच्या दुकानात नको. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते, ती करून ठेवा.

आणि पहिला एक हंगाम एखाद्या जाणत्या मेकॅनिककडे हाताखाली काढा. पैसे कमी मिळतील, पण चुका त्याच्या नजरेसमोर होतील, समुद्रात नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या जवळच्या बंदरावरच्या २० आउटबोर्डची मॉडेलनुसार यादी करा.
२. त्यातल्या सर्वात जास्त दिसणाऱ्या मॉडेलच्या पंप किट आणि नीडल-सीटचे भाव दोन दुकानांतून आणा.
३. वरचा हिशेब तुमच्या आकड्यांनी पुन्हा मांडा.
४. मालकांपैकी तिघांना विचारा: "इंजिन पाण्यात शेवटचं कधी बंद पडलं, आणि तेव्हा काय झालं?" उत्तर मध्ये न बोलता ऐका.

चौथा प्रश्न टाळू नका. त्या उत्तरांतून तुमचा दरही ठरेल आणि कोणतं काम नाकारायचं तेही. पुढच्या व्हिडिओत आपण हीच यादी घेऊन पहिल्या हंगामाचं भांडवल काढू. भेटूया.